बाकावर ठेवलेली घंटी

आमच्या घरात आबांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आबा म्हणजे माझे वडील. ते एकदा बसस्टँडवर आपली पिशवी विसरले, पोलिसांना तो बॉम्ब वाटला आणि सगळा स्टँड रिकामा करावा लागला — माझे दीर ती रंगवून सांगतात, जेवता जेवता सगळे हसतात. मीही हसते. ती गोष्ट खोटी आहे. खरं काय झालं ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आबा आता नाहीत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आधी घंटीचं सांगायला हवं.

आम्ही सास्तूरचे. भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई आणि धाकटा भाऊ गेले. मला आबांनी दगडमातीतून ओढून काढलं. त्यानंतर मी झोपायचेच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, डोक्यावर पडायला दगड नव्हते, तरी डोळा लागला की ओरडत उठायचे. आबा शेती सांभाळून गावातले रेडिओ, पंखे दुरुस्त करायचे. त्यांनी माझ्यासाठी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात एक घंटी तयार केली. तारेच्या कड्यात गवंड्याचा ओळंबा टांगलेला. जमीन हलली की ओळंबा कड्याला टेकणार, टॉर्चचे चार सेल जोडले जाणार आणि दारावरची बेल असते तशी बेल वाजणार. शेजारी गजराचं घड्याळ — धक्का किती वाजता बसला ते कळावं म्हणून. "ही जागी हाय, तू नीज माय," म्हणायचे. आणि मी झोपायचे. खरंच झोपायचे.

पुढं पक्की घरं मिळाली. मी मोठी झाले, डी.एड. केलं. घंटी मात्र आबांच्या उशाशी राहिली. परगावी मुक्काम असला की ते ती पिशवीत घालून बरोबर न्यायचे. आता सवय त्यांची झाली होती, आणि मला तिची लाज वाटायला लागली होती.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझं लग्न जुळत आलं. तुळजापूरला देवीपुढं सुपारी फोडायची ठरली. लॉजवर मुक्काम होता, म्हणून आबांनी घंटी घेतली. मी नको म्हटलं, चिडले, गाडीत अबोला धरला. कापडी पिशवीतून एक लाल तार बाहेर लोंबत होती आणि घड्याळाची टिकटिक शेजारच्या सीटवर ऐकू जात होती. वाटेत एका स्टँडवर गाडी बदलायची होती. गावाचं नाव सांगत नाही — दोष त्या गावाचा नव्हता.

उतरल्यावर आबा म्हणाले, "धर गं माय, नारळ घिऊन येतो." आणि पिशवी माझ्या हातात दिली.

माझ्या हातात. ते काहीही विसरले नव्हते.

ते वळले आणि समोरच्या गाडीतून माझी होणारी सासू आणि नणंद उतरल्या. इस्त्रीच्या साड्या, हातात सुटसुटीत बॅगा. त्यांच्यासमोर ही टिकटिकणारी पिशवी घेऊन जायचं? मी ती तिथल्याच बाकावर, खांबाच्या आड ठेवली आणि मोकळ्या हातांनी पुढं गेले. आबा येतील आणि उचलतील, असं स्वतःला सांगितलं. आम्ही तिघी रसवंतीवर जाऊन बसलो.

एवढंच असतं तर कदाचित मी केव्हाच कुणाला तरी सांगून टाकलं असतं.

माईकवरून पुकारलं — बाकावर बेवारस पिशवी आहे, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चढ्या आवाजात. नणंद म्हणाली, कुणाची असेल? मी म्हणाले, काय माहीत. रसात लिंबू जास्त झालं होतं, हे मला अजून आठवतं.

मग होमगार्डनं पिशवीत डोकावून पाहिलं. तारा, सेल, घड्याळ. शिट्ट्या सुरू झाल्या. त्याचं तरी काय चुकलं? 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असं तिथं खांबाखांबावर लिहिलेलं होतं. लोकांना रस्त्यापलीकडं हाकललं, दोर बांधला, बॉम्बशोधक पथकाला फोन गेला. चार पावलं पुढं जाऊन, ती आमची आहे, असं मी म्हटलं असतं तर? पण मग आधी का नाही बोललीस, असं सगळ्यांनी विचारलं असतं — सासूनंही. जेवढा वेळ जात होता तेवढं तोंड उघडणं अवघड होत होतं. भीती बॉम्बची नव्हती. स्टँडवरच्या त्या शेकडो माणसांत बॉम्बची भीती नसलेली मी एकटीच होते.

आबा नारळ घेऊन आले आणि दोराखालून थेट आत शिरले. दोन शिपायांनी त्यांना खाली पाडलं. नारळ घरंगळत गेला. "घंटी हाय सायेब, भूकंपाची घंटी हाय," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. हा थट्टा करतोय असं शिपायांना वाटलं. एकानं कानाखाली दिली. साठीच्या माणसाला. सासूनं विचारलं, अगं, ते तुझे वडील ना? तेव्हा मी उठले. आणि काय म्हणाले? म्हणाले — हो, हल्ली विसरतात ते, पिशवी विसरले असतील.

पथकानं लांबून पाण्याचा जोरदार मारा करून डबा फोडला. चार सेल, एक घड्याळ, चिंधीत बांधलेला ओळंबा. चौकीत साहेबांनी आबांना विचारलं, पिशवी अशी टाकून का गेलात? आबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. वयामुळं यांना आठवत नाही, साहेब. आबांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "व्हय सायेब. इसरलो म्या." जबाबावर सही केली. समज देऊन सोडलं.

त्या खोट्यामुळंच सुटले, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलं. पण खरं सांगितलं असतं तरी सुटलेच असते. त्यांनी काही केलंच नव्हतं.

माझं लग्न झालं. गोष्ट गावात पोचली. दुरुस्तीला रेडिओ, पंखे येईनासे झाले. विसरणाऱ्या माणसाच्या हाती विजेची वस्तू कोण देणार? चुलतभावानं विहिरीवरच्या मोटारीला हात लावू नका म्हणून बजावलं. मी म्हटलं, आबा, नवी घंटी करा. म्हणाले, "आन् कुठं ठिवली तेच इसरलो तर?" घंटी नाही म्हणून ते घरात झोपेनात. अंगणात बाज टाकायचे, थंडीतसुद्धा. आणि मी धाराशिवला, माझ्या घरात, स्लॅबखाली झोपत होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात ठेवलं. त्यांचे ते शेवटचे दिवस होते. एका दुपारी मी मोसंबी सोलत बसले होते. छताकडं बघत ते म्हणाले, "माय, ती पिशवी म्या तुझ्या हातात दिली व्हती, का बाकावरच ठिवली? मला आता नीट आठवंना."

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते माझ्यासाठी गप्प आहेत. पण सगळ्यांकडून ऐकून ऐकून त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. सासू नव्हती, साहेब नव्हते. लाज वाटावी असं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "बाकावरच ठेवली होती, आबा."

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "इतकी वर्सं तुझ्यावर उगं संशय धरला." आणि त्यांनी सलाईन लावलेला हात उचलून माझ्यापुढं हात जोडले.

मी मोसंबीची फोड त्यांच्या तोंडाजवळ धरली. त्यांनी ती खाल्ली.