मेढ रोवली आणि जेसीबी कोंडला

आमच्या मागच्या अंगणातला संडास पाडायला जेसीबी अर्ध्या तासासाठी आला होता. तो शेजारचं लग्न लागेपर्यंत राहिला.

या सगळ्याची सुरुवात माझ्या बायकोच्या गुडघ्यांपासून झाली. शोभाला उकिडवं बसणं जमेना आणि आमचा संडास वडिलांच्या काळातला, उकिडवं बसण्याचाच. डॉक्टरांनी कमोड बसवायला सांगितलं होतं. मी 'दसऱ्यानंतर', 'संक्रांतीनंतर' करत होतो (निवृत्त शिक्षक आहे, काम पुढच्या सत्रात ढकलायची सवय जात नाही). शेवटी एके सकाळी ती दाराची कडी धरून उठायला गेली आणि कडी हातात घेऊनच बाहेर आली. ती कडी तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मी मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री म्हणाला, "घनानं पाडतो. तीन-चार दिवस लागतीन."

"तीन-चार दिवस कायले? जेसीबी लावू. अर्ध्या तासात मोकळे!"

"अन् जेसीबी मांगं नेसान कुठून?"

प्रश्न बरोबर होता. नांदुऱ्यातल्या आमच्या घराच्या बाजूच्या बोळातून मोटारसायकल न्यायची तर आरसे दुमडावे लागतात. पण घरामागे गजाननभाऊंचा मोकळा प्लॉट आहे. त्यांच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं आणि मांडव तिथेच पडणार होता. ते म्हणाले, "न्या ना सर. उद्या दहाले मांडवाचा मुहूर्त हाय, त्याच्या आंधी काढून घेजा."

मशीन नऊला येणार होतं. ते साडेनऊ उलटल्यावर आलं. चालवणारा बंडू संग्रामपूरकडचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. प्लॉटचं तोंड म्हणजे एका बाजूला गजाननभाऊंची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. त्यातून त्याने ते धूड वीतभर जागा राखून आत घेतलं, आमचं कंपाउंड आडवं केलं आणि पहिल्याच धक्क्यात संडास खाली बसला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात प्लॉटमधून हाक आली. "सर, या! मेढ तुमच्याच हातानं रोवाची हाय."

मांडवाची पहिली मेढ रोवायचा मान! बंडूला म्हटलं, "तू मलबा सारून घे, मी आलोच." टोपी घातली, धुतलेला सदरा चढवला आणि गेलो. पूजा सांगायला आलेल्या महाराजांनी मेढीची जागा कोपऱ्यात काढली होती. मला ते पटलं नाही.

"कोपऱ्यात काऊन? तोंडाशी रोवा. मांडवाचं दार कसं शोभून दिसीन."

(निवृत्त शिक्षकाला सगळे 'हाव' म्हणतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात. त्या दिवशी मात्र त्यांनी माझं ऐकलं.) प्लॉटच्या तोंडाशी, बरोबर मध्यभागी खड्डा झाला. हळद, सुपारी, नाणं टाकलं. मेढ हलू नये म्हणून मी माझ्याच पडक्या कंपाउंडच्या विटा आणून ठासल्या, वर मिस्त्रीने नव्या कामासाठी आणून ठेवलेलं सिमेंट ओतलं आणि पहारीने ठोकून काढलं. बायकांनी आंब्याचे डहाळे बांधले, गाणी म्हटली. मी चहाचा दुसरा घोट घेतला तेव्हा बंडू शेजारी येऊन उभा राहिला.

"सर, काम झालं. आता निंघू कुठून?"

मी मेढीकडे पाहिलं. बंडूने माझ्याकडे पाहिलं.

"गजाननभाऊ," मी हळूच म्हटलं, "ही मेढ जराशी सरकवली तर?"

उत्तर त्यांच्या आईने दिलं. "पुजलेली मेढ हालवता? पोरीचं लगन लागाचं हाय अजून. शिकलेले ना तुमी, सर?"

आम्ही अंगणात परतलो. बंडूने चारी बाजूंना नजर फिरवली. "एक रस्ता हाय. तुमचं सैपाकघर पाडू देता का? दहा मिनिटाचं काम हाय."

सैपाकघराच्या दारात शोभा उभी होती. "पाडून झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग बांधाले कवा घेता?"

नव्या संडासाची जागा नेमकी मशीनखाली होती.

जेसीबीच्या मालकाने फोनवर मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मशीनच्या राखणीला म्हणून त्याने बंडूला आमच्याकडेच ठेवलं. तो ओसरीत झोपायचा, शोभाच्या हातच्या भाकरी खायचा आणि "काकू, संडास कुठं हाय?" असं रोज नव्याने विचारायचा. गजाननभाऊंचं घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे शोभाला रोज पहाटे ऑटोने स्टेशनजवळ तिच्या बहिणीकडे न्यावं लागे. ऑटोवाला पुढे पुढे काही न विचारताच तिकडे वळू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उतरताना ती सगळा भार माझ्या खांद्यावर टाकायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लग्न थाटात झालं. वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांनी आमच्या मशीनसमोर फोटो काढले. मांडव उतरला, कापड गेलं, बांबू गेले. मेढ मात्र हलेना. चार माणसं लोंबकळली, गजाननभाऊंच्या हाताला फोड आले. शेवटी बंडूने मशीन सुरू केलं, साखळी बांधली आणि मेढ उपटली. खाली माझं अर्धं कंपाउंड चिकटून आलं.

"सरांच्या हातची मेढ," गजाननभाऊ सगळ्यांना दाखवत म्हणाले, "पोरगी सुखात राह्यते पाहा."

माझी छाती फुगली. मी शोभाकडे पाहिलं.

"जनमभरात तुमच्या हातून एकच काम पक्कं झालं," ती म्हणाली, "थेही दुसऱ्याच्या मांडवात."

आता कमोड बसला आहे. शोभा हात न टेकता उठते. दाराला कडी तेवढी लावायची राहिली आहे, म्हणून ती आत असली की मी बाहेर राखणीला उभा असतो. दसरा झाला की लावतोच.