मागची काच

भिंगकाकांना डाग दिसला की चैन पडत नसे. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेला. गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा न विचारता उतरवून पुसून देणारा हा माणूस. ऐकणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. बायको बोलायची, हे हूं हूं करायचे, आणि हात फडक्यावर.

घरातला फिशटँक काकूंचा. त्याची मागची काच त्या मुद्दाम पुसत नसत. तिथलं शेवाळ आजोबा खायचे. आजोबा म्हणजे काचेला तोंड चिकटवून बसणारा एक काळपट, म्हातारा मासा. मुलगा लग्नाचं नाव काढत नव्हता, त्यामुळे घरात आजोबा म्हणावं असं तेवढंच कोणी होतं.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि टँक काकांच्या गळ्यात पडला. माशांना एकटं वाटू नये म्हणून काका दिवसभर दिवा चालू ठेवायचे, येता-जाता चिमूटभर खाणं टाकायचे. व्हायचं तेच झालं. पाणी हिरवं पडलं, काचा बुळबुळीत झाल्या.

हॉस्पिटलात काकू म्हणाल्या, "अहो, दिवा कमी लावा, खाणं कमी करा. पाणी थोडंथोडंच बदला, सगळं एकदम बदललं तर मासे मरतात. फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा. आणि मागच्या काचेला हात लावू नका हं."

"हूं," काका म्हणाले. त्यांचं लक्ष काकूंच्या चष्म्यावर उमटलेल्या बोटाच्या ठशाकडे होतं.

काकू घरी यायच्या आदल्या दिवशी काकांनी कंबर कसली. बायकोला खूश करायचं होतं ना! सगळं पाणी उपसलं, नळाचं ताजं भरलं, स्पंज साबणाने धुतला, मागचीसुद्धा काच लख्ख केली. टँक दुकानातल्या शोकेससारखा चमकू लागला. सकाळी आजोबा तळाशी उताणे पडले होते.

काकू वॉकर धरून आल्या आणि टँकपाशी थांबल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"मी सांगितलं होतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही हूं म्हणालात."

काकांना रडूच आलं. आजवर आपण किती वेळा नुसतंच हूं म्हटलं असेल, आणि हिने ते खरं धरलं असेल!

आता काकू बोलू लागल्या की काका फडकं बाजूला ठेवून समोर बसतात. मागच्या काचेला ते हात लावत नाहीत. तिथे शेवाळ दाट वाढलंय, आणि काकू हल्ली फारसं बोलत नाहीत.