केरबाने उलटा बसवलेला टायर

किनवटला माहूर रस्त्यावर केरबाचं टायरचं दुकान आहे. दुकानापेक्षा त्याचा राग जास्त प्रसिद्ध. गिऱ्हाइकाने टायरला लाथ हाणून "हवा हाय" म्हटलं की केरबाचं डोकं फिरलंच. "लाथंनं हवा कळली असती तर हे मीटर काय तोरण म्हनून टांगलंय?" सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, हे तीस वर्षं सांगून सांगून त्याचा घसा बसला. हवा कमी तर दोन्ही कडा झिजतात, जास्त तर मधला पट्टा, अन् चाकांची अलाइनमेंट चुकली की एकच कड खाल्ली जाते. एवढी साधी गोष्ट. पण टायर फुटल्याशिवाय लोकांना त्याची आठवण होत नाही, आणि याची केरबाला मनापासून चीड आहे.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी गाड्या भाड्याने फिरवणाऱ्या शेषेरावांची जीप दुकानापुढे थांबली. आत वसतिगृहाला परत निघालेल्या अकरा मुली, वर त्यांच्या पेट्या. ड्रायव्हर वैजनाथ उतरला आणि त्याने पुढच्या टायरला लाथ घातली.

"केरबाभाऊ, हवा बरी हाय. नुसती बघून घ्या, पुढं घाट हाय."

"अकरा पोरी कोंबल्या अन् हवा बरी हाय म्हनतो," केरबा करवादला. बाहेरून टायरची नक्षी ठीक दिसत होती. सवयीने त्याने हात मागे घालून आतली कड चाचपली. झिजलेल्या रबरातून उघडी पडलेली तार बोटाला टोचली.

तो टायर त्याला लगेच ओळखू आला. दसऱ्याच्या आधी याच टायरची बाहेरची कड घासून गुळगुळीत गोटा झाली होती. आधी नांदेडला नेऊन अलाइनमेंट करा, टायर नवा घ्या, असं केरबाने शेषेरावांना बजावलं होतं. ते म्हणाले, "सीझन हाय, टाइम न्हाई. उलटा करून बसव, खाल्लेली बाजू आत जाऊ दे." केरबाने तासभर शिव्या घातल्या. आणि शिव्या घालत घालतच टायर उलटा बसवून दिला.

"उतरा समद्या," तो मुलींना म्हणाला.

वैजनाथने मालकाला फोन लावला. दहा मिनिटांत शेषेराव आले, तणतणतच. "एवढे दिवस चालला न्हाई का? घाटापुरता चालंल. पोरींना उशीर होऊन राहिला."

 केरबाने जॅक लावून चाक काढलं, टायर रिमवरून उतरवला आणि सुरी घेऊन त्याची बाजू उभी चिरली. असला टायर पुन्हा कुणी कुणाच्या गाडीला घालू नये म्हणून. शेषेरावांचा आवाज चढला.

"माझा टायर फाडतो? तुला कुनी सांगितलं?"

"उलटा बसवा म्हनून तुमी सांगितलं तवाच माझं ऐकायला पायजे व्हतं. आता कशाला इचारता? दुसरा टायर घाला, न्हाईतर पोरी यष्टीनं जातील."

शेषेराव पाय आपटत नवा टायर आणायला गेले. केरबाला वाटलं, आता डोकं जरा थंड होईल. पण राग उतरेना. चिरलेल्या टायरच्या उघड्या तारांकडे तो बघत राहिला. शेषेरावाला काय, त्याला टायरमधलं ओ की ठो कळत नाही. पण ज्याला कळत होतं त्यानेच पाना हातात धरला होता.

सातवी-आठवीतली एक मुलगी, आरती, जवळ येऊन उभी राहिली. वाकून तिने तारांना बोट लावलं.

"मामा, हे आतून असं हाय, हे तुमाला म्हाईत व्हतं?"

केरबाने हातातली सुरी खाली ठेवली.

"हाव," तो म्हणाला. "म्याच आत घातलं व्हतं."

आरतीने तारांवरचं बोट काढून घेतलं. ती मैत्रिणींकडे गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.