गळायची थांबलेली गाडी

माझ्या आत्याला "हे आता होणार नाही" असं कोणी सांगितलं, की तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात. हा गुण की दोष, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी तिच्या भावाची मुलगी, दोन गल्ल्या सोडून राहते. त्यामुळे या मिरच्यांचा ठसका सगळ्यात आधी मला लागतो.

आत्याने उभं आयुष्य एका कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काढलं. पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, बिघडलेली चेन बदलायची. नवा कपडा तिने क्वचितच शिवला; दुसऱ्याने शिवलेलं सुधारणं हेच तिचं काम. गिऱ्हाईक म्हणायचं खांद्यात घट्ट होतंय, आणि ही कपडा उलटा करून आधी काखेत बघायची. एका वेळी एकच शिवण उसवायची, हा तिचा नियम. दोन एकदम उसवल्या तर चूक कुठे होती ते कधीच कळत नाही, म्हणे. घरातही ती तशीच वागते. तिच्याबरोबर कपाट आवरायला बसलं की दिवस जातो.

गाडी काकांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. डिझेलची, आणि माझ्या लग्नाच्या वेळीच जुनी होती. त्यांच्या घरासमोर रस्त्यापासून दारापर्यंत सिमेंटचा चढ आहे. काका गाडी नेहमी रिव्हर्समध्ये वर चढवायचे, तोंड खाली रस्त्याकडे. त्यात थोडी ऐट होती आणि थोडी सोय. बॅटरीने दगा दिला तर ब्रेक सोडायचा, गाडी उतारावरून घरंगळायची आणि रस्त्यावर पोचेपर्यंत सुरू व्हायची. तोंडाखाली डिझेलचा एक ओला डाग कायम असायचा. काका त्यावर खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवत आणि पुरता भिजला की बदलत. "वय झालं की गळायचंच काही ना काही," म्हणायचे.

मग काकांनाच अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, चाकांची खुर्ची आली आणि स्टिअरिंग आत्याकडे आलं. चढाच्या एका बाजूला घराचा कट्टा आहे, दुसऱ्या बाजूला भिंत. गाडी सरळ, तोंड घराकडे करून लावली तरच काकांच्या बाजूचं दार कट्ट्याशी येतं, आणि मग ते खुर्चीतून एका हाताच्या जोरावर सीटवर सरकतात. कोणी उचललेलं त्यांना खपत नाही. म्हणून आत्या गाडी सरळ लावू लागली. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की डाग पडायचा बंद झालाय. सगळ्यांना बरं वाटलं. एक दुखणं आपोआप गेलं म्हणून आत्याने पुठ्ठा फेकून दिला.

त्यानंतर गाडी सकाळी सुरू होईना. स्टार्टर जोरात फिरायचा, पण इंजिन पेटायचं नाही. कितीतरी वेळाने खोकत खोकत सुरू व्हायची आणि मग दिवसभर किल्ली लावायचा अवकाश. पण काकांचा व्यायामाचा दवाखाना सकाळचा. तो चुकला की हात आखडतो, आणि मग सीटवर सरकायचं बळ जातं. टॅक्सीवाले खुर्ची दिसली की वेग वाढवतात.

आत्याचा मुलगा, आमचा बाळ, दुसऱ्या शहरात असतो. डोक्यावर चंद्र उगवला तरी त्याचं नाव बाळच राहिलं. त्याने फोनवरून गॅरेजवाल्याला पाठवलं. नवी बॅटरी झाली, इंजिन तापवणारे हीटर प्लग झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी. गॅरेजवाल्याने गाडी एक रात्र ठेवून घेतली, तर तिथे शहाण्यासारखी लगेच सुरू झाली. घरी आली की पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "काकू, डिझेलचा पंप गेलाय. या वयाच्या गाडीला कशाला पंप घालता? भंगारात द्या."

बाळने फोनवर तेवढंच धरलं. "आई, येत्या शनिवारी सकाळी मी येतो. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर गाडी जाईल आणि तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला याल. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. मी बाळच्या बाजूची होते. त्याचं घर मोठं आहे, लिफ्ट आहे. पण काकांचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. चौथ्या मजल्यावर खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसायचं, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला बोलावून गाडीच्या मागे उभं केलं. ती फोनवर कुठल्या कुठल्या मेकॅनिकांचे व्हिडिओ बघून बसली होती.

"मी स्टार्टर मारते. धूर येतो का बघ."

मी बघितलं. "नाही."

"पांढरा? थोडासा तरी?"

"आत्या, डोळे उघडे ठेवून बघतेय. काही नाही."

"मग डिझेल पोचतच नाहीये. पोचून पेटलं नसतं तर पांढरा धूर आला असता." ती उतरली आणि बॉनेट उघडलं. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर एक हातपंप असतो, दाबला की हाताने डिझेल ओढता येतं. तिने तो दाबायला सुरुवात केली. आधी पोकळ लागला, मग हळूहळू घट्ट झाला. पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी ताबडतोब सुरू झाली. मला आनंद झाला, पण आत्याचं समाधान होईना. रात्रीतून डिझेल टाकीत परत का जातं, हे तिला शोधायचं होतं.

ती चढावरून खाली चालत गेली आणि जिथे पूर्वी गाडीचं तोंड असायचं तिथे थांबली. सिमेंटवर तो जुना काळा डाग अजून होता. बराच वेळ ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो," तिने कट्ट्यावर बसलेल्या काकांना हाक मारली, "गळायची थांबली असं आपल्याला वाटलं. थांबली कुठे? तोंड खाली होतं तेव्हा कुठल्या तरी भोकातून डिझेल बाहेर पडत होतं. आता तोंड वर आहे, तर त्याच भोकातून हवा आत शिरते आणि डिझेल मागे उतरतं. आणि गॅरेजात सपाट जमीन, तिथे ना हे ना ते."

काका म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं गाडी उलटी लावून तिचा आजार लपवत होतो."

"तुम्ही एकटे नाही. पुठ्ठा मी फेकला."

खात्री करायला तिने त्या संध्याकाळी गाडी उलटी लावली. सकाळी किल्ली फिरताच सुरू. काका म्हणाले, "मग झालं की. शनिवारीसुद्धा अशीच लाव. बाळला काय कळणार आहे?" मीही मान डोलावली. मला खरंच वाटलं, प्रश्न सुटला.

"आणि सोमवारी तुम्हाला गाडीत कोण बसवणार? ती भिंत?" आत्या म्हणाली. "बाळ एक दिवस बघून जाईल. मला रोज निघायचंय."

मग भोक शोधायचं काम सुरू झालं. आत्याने पारदर्शक नळी आणली आणि टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या पाइपच्या जागी तात्पुरती बसवली. इंजिन चालू केलं. नळीतून डिझेल स्वच्छ वाहत होतं. ती काढून फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला बसवली, तर आत बुडबुड्यांची रांग. हातच्या कांकणाला आरसा कशाला. हवा फिल्टरपाशीच शिरत होती. तिने हातपंप खोलला. त्याखालची रबरी रिंग चपटी होऊन कडक झाली होती, आणि नखाने उचलली तर दोन तुकडे झाले.

दुकानदार म्हणाला, नुसती रिंग मिळत नाही, पूर्ण फिल्टरचं डोकंच घ्या, तेही मागवावं लागेल, पंधरवडा धरा. आत्याने तुकडे पिशवीत घातले आणि नळाचं सामान विकणाऱ्याकडे जाऊन त्याच मापाची रिंग घेऊन आली. स्वतःवर इतकी खूश, की मला चहा करून दिला. सकाळी गाडी सुरू झाली, तोंड वर असताना. पुढच्या सकाळी जरा कुरकुरली. आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खोलून बघितलं तर नवी रिंग भिजवलेल्या वाटाण्यासारखी फुगून जागेवरून सरकली होती. नळाची रिंग पाण्यासाठी, तिला डिझेल सोसलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर कापड बघून दोरा निवडला, तिने रबर बघायचं विसरावं, याचाच तिला जास्त राग आला. ती कट्ट्यावर काकांशेजारी बसली. हात काळे, डोळे भरलेले. मला तिची फार कीव आली आणि बाळचाही राग आला, जरी तो बिचारा काही चुकीचं म्हणत नव्हता.

"एवढं करून जायचंच असेल तर जाऊ," ती म्हणाली. असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी डाव्या हाताने तिच्या हातातली फुगलेली रिंग घेतली आणि उजेडात धरून पाहिली. "एका वेळी एकच शिवण ना? ही उसवली. आता पुढची कुठली?"

आत्याने नाक पुसलं, गालावर काळा पट्टा उमटला, आणि ती उठली. ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा गावाबाहेर बसतो. मी तिला घेऊन गेले. त्याने तुकडे बघितले, डब्यात बोट फिरवलं आणि डिझेलमध्ये टिकणारी रिंग काढून दिली. दुपारी तिने ती बसवली, हातपंप घट्ट होईपर्यंत दाबला आणि सगळं कोरडं पुसून घेतलं. तपासायला आता एकच रात्र उरली होती, आणि तीच परीक्षेची.

"आजच्या दिवस उलटी लाव," मी म्हणाले. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आत्याने गाडी सरळ वर आणली, हळूहळू, काकांच्या बाजूचं दार बरोबर कट्ट्याला लागेपर्यंत.

बाळ सकाळी लवकर पोचला. आत्याने त्याला पाणी दिलं आणि हातावर किल्ली ठेवली. "तूच लाव."

तो आत बसला. काका खुर्चीत, कट्ट्यावर. मी कोणी न सांगता गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. सवय लागली होती. स्टार्टर फिरला, एकदाच, आणि धुराचा लोट माझ्या तोंडावर आला.

"आला," मी खोकत म्हणाले. आत्याने डोळे मिटून घेतले.

बाळ इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिला. हात स्टिअरिंगवर. मग काच खाली करून म्हणाला, "आई, गाडीची भीती मला कधीच नव्हती गं. तू रस्त्यात अडकशील, फोन करशील, आणि मी इथे नसेन, त्याची वाटते."

आत्या खिडकीशी गेली. त्याच्या टकलावर हात ठेवला. हात अजून काळाच होता. "अडकले की फोन करीन. तेव्हा ये. पण अडकायच्या आधीच आम्हाला उचलून नेऊ नकोस."

त्याने मान डोलावली.

"ठरलं असेल तर सरक," काका कट्ट्यावरून म्हणाले. "तुझ्या आईची जागा आहे ती. आम्हाला दवाखान्याला उशीर होतोय."

बाळ उतरला आणि वळसा घालून काकांना उचलायला धावला. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग डावा हात सीटच्या पाठीला लावला, दम घेतला आणि खुर्चीतून गाडीत सरकले. बाळ हात पसरून उभाच राहिला. थोड्या वेळाने त्याने खुर्ची मिटून डिकीत ठेवली आणि मागच्या सीटवर, लहानपणी बसायचा तिथे, गुडघे आखडून बसला.

आत्याने आरशात बघितलं. "दार नीट लाव," ती म्हणाली आणि गाडी मागे घेत रस्त्यावर उतरवली.