पेन्सिलीने लिहिलेला चार

गेल्या आठवड्यात दूध उतू जाऊन गॅस विझला. वास शेजारणीला आला, भाऊसाहेबांना नाही. तेव्हापासून लेक उत्तरा मागे लागली होती, दिल्लीतलं द्वारकेचं घर बंद करा आणि आमच्याकडे नोएडाला चला. रविवारी ती न्यायलाच आली, तेव्हा भाऊसाहेबांनी पैज लावली.

"सातचा लॉग काढतो, पाया दोन. म्हणजे दोनचा कितवा घात केला की सात येतात, ते. सात दशांशांपर्यंत. चुकलो तर सामान बांधतो."

"बाबा, यार, गॅसचा आणि लॉगचा काय संबंध?"

"मला दुसरं येतं काय?"

सर्वेक्षणाच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी लॉगच्या कोष्टकांवरून गणितं केली होती. तिथे प्रत्येक गणित दोघांनी वेगवेगळं करायचं; उत्तरं जुळली तरच खाली दोन सह्या. त्यांच्या जोडीला चंद्रप्रभा होती. भागाकाराचे दशांश लांबतच चालले की ती म्हणायची, "हे काही संपायचं नाही हो, चला, डबा खाऊ." पुढे लग्नानंतरही डबा एकच राहिला. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

त्यांनी जुनं कोष्टकाचं पुस्तक काढलं. त्यातले लॉग दहाच्या पायाचे, म्हणून भागाकार करणं आलं. सातचा लॉग ०.८४५०९८०, दोनचा ०.३०१०३००. पहिल्याला दुसऱ्याने भागायला चाळीस मिनिटं लागली. उत्तर आलं २.८०७३५४७.

उत्तराने मोबाईलवर पाहिलं. "शेवटी नऊ आहे, बाबा."

त्यांनी पुन्हा भागलं. सातच. मग ते उठले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढू लागले.

"राहू द्या, मी काढते. हे पुस्तक न्यायचं ना?" उत्तराने पान जवळ धरलं. "इथे पेन्सिलीने चार कुणी लिहिलाय?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. सातच्या लॉगपुढे बारीकसा चार होता, चंद्रप्रभाच्या हातचा. छापणाऱ्याने सोडून दिलेला आठवा आकडा. शेवटच्या घरावर तिचा कधीच भरवसा नसे.

ते परत बसले. तो चार धरून भागलं. २.८०७३५४९.

"जुळलं," उत्तरा म्हणाली.

"पण हे माझ्या एकट्याचं नाही. तिचा चार आहे त्यात."

"मग गॅसपण एकट्याचा नको. रोज रात्री दहा वाजता व्हिडिओवर गॅसचं बटण दाखवायचं. तुम्ही बघायचं, मी बघायचं. बिल्कुल विसरायचं नाही."

भाऊसाहेबांनी आलेल्या आकड्याखाली सही केली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. स्टूल त्यांनी जागेवर नेऊन ठेवलं.