काळे, तांबे, ब्राऊन वगैरे मंडळी

"काळे? वा! पक्का रंग. बसा, चहा घेणार ना?"

खातं उघडायला आलेल्या माणसाचं असं स्वागत करणारा बँक अधिकारी तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. मार्केट यार्डातल्या आमच्या शाखेत ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. समोरच्याचं आडनाव ऐकलं की आधी चष्मा कपाळावर जायचा, मग भुवया. आडनावात रंग सापडला तर चहा. नाही सापडला तर, "पुढे सही करा."

साहेबांचं स्वतःचं आडनाव रंगरेज. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. आजोबांची नखं म्हणे शेवटपर्यंत निळी होती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, माहेरच्या निळगार, म्हणजे निळीत कापड बुडवणाऱ्यांच्या. "आमच्या घरात पांढरा सदरा टिकणार कसा?" असं ते आल्यागेल्याला विचारत आणि भाभी आतून म्हणत, "स्वतः धुवा, टिकेल."

मी जोशी. "तुम्ही बेरंग," पहिल्याच दिवशी साहेबांनी निकाल दिला. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "अहो, पाणीपण बेरंगच असतं. ते नसेल तर रंग कालवायचा कशात?" त्या दिवसापासून आमची दोस्ती.

या नादापायी ते खुर्चीतून न उठता जगभर हिंडून येत. इटलीतला रोस्सी म्हणजे कुणा तांबूस केसांच्या माणसाचा वंशज. तुर्कांचा कारा म्हणजे आपले काळे. हंगेरीतला फेकेते, तोही काळेच. एकदा तर ते अर्धा डबा टाकून धावत आले.

"जोशी, इंग्रजांची गंमत ऐका! त्यांच्या जुन्या भाषेत काळ्याला जो शब्द, जवळजवळ तोच फिक्कट गोऱ्याला. म्हणजे मिस्टर ब्लॅकचा खापरपणजोबा गोरापानसुद्धा असू शकतो!"

हीच बातमी त्यांनी आमच्या कॅशियर काळेबाईंना सांगितली. बाई मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. सासूबाईंच्या कानावर घालते."

मग साहेब निवृत्त झाले आणि मुलीकडे बंगळूरला कायमचं जायचं ठरलं. बरेच दिवस आडनावांचा विषयच निघाला नाही. एका सकाळी मात्र फोन आला. आवाजात तोच जुना उत्साह.

"जायच्या आधी संमेलन घेतोय. रंगीत आडनावांचं! कर्वेनगरला, आमच्या गच्चीवर. तुम्ही पाणी म्हणून या."

मागून भाभींचा आवाज आला, "कोण येणार? जन्मभर लोकांना काळे-पांढरे करत बसलात."

"तेच बघायचंय," साहेब हळूच म्हणाले.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. साहेब कठड्याला टेकून उभे. खाली रिक्षा थांबली की मान बाहेर, रिक्षा निघून गेली की मान आत. मला बघवेना. भाभी पातेल्याचं झाकण उगाचच पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. काळेबाई! नवरा, मुलं आणि खुद्द सासूबाई. पाठोपाठ यार्डातले कांद्याचे व्यापारी तांबे. मग हिरवे आले, निळे आले, एकमेकांशी काही नातं नसलेले आणि तसं जाहीर करणारे दोन गोरे आले. शेवटी हिंजवडीचे पांढरे आले. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यातल्या एका फ्लॅटचा जर्मन भाडेकरू ते सोबत घेऊन आले होते. आडनाव ब्राऊन.

साहेबांना कुणाला कुठे बसवू असं झालं. ते एकच खुर्ची तीनदा पुसत होते.

आणि मग पुण्यात जे व्हायचं ते झालं. एका गोऱ्यांनी हरकत घेतली.

"तांबं हा धातू आहे. रंग नव्हे."

तांब्यांच्या हातात ताट आलेलं होतं. "मग मी काय परत जाऊ?"

"जा असं कुणी म्हटलेलं नाही. आपल्याला निमंत्रण चुकून गेलं, एवढंच."

त्यात पांढरे उठले. "आता खरं सांगून टाकतो सायेब. आमचं बी रंगाचं न्हाय. गावठाणाची जमीन ती पांढरी, म्हनून आमी पांढरे. पर ह्यो ब्राऊन अस्सल हाय, म्हनून घिऊन आलो."

साहेबांचा चेहरा उतरला. बघता बघता संमेलन फुटायला लागलं होतं.

भाभींनी डाव उचलला आणि पातेल्यावर खणकन आपटला. "बिर्याणीचं पातेलं तांब्याचं आहे. तांबे नको असतील तर हेही परत पाठवते."

वाद तिथल्या तिथे मिटला. हरकत घेणारे गोरे स्वतः उठून तांब्यांना लिंबू वाढायला लागले.

तेवढ्यात ब्राऊन उभा राहिला. मराठी तो घरमालकाकडून शिकलेला. छातीवर हात ठेवून, एकेक अक्षर जपून म्हणाला, "मी... तपकिरी... हाय."

गच्ची कोसळायचीच बाकी होती. काळेबाईंच्या सासूबाईंना ठसका लागला. पांढऱ्यांनी ब्राऊनला मिठीच मारली. साहेब हसता हसता खाली बसले आणि बाहीने डोळे पुसू लागले. हसू थांबलं तरी पुसतच होते.

पुढच्याच आठवड्यात ती दोघं बंगळूरला गेली. घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे.

त्या संध्याकाळचा एक फोटो माझ्याकडे आहे. काळे, तांबे, हिरवे, निळे, दोन्ही गोरे, पांढरे, मधोमध ब्राऊन. सगळे तोंड उघडून हसताहेत आणि सगळ्यांची नजर एकाच दिशेला आहे. भाभींनी तेवढा कपाळावर हात मारून घेतलाय. साहेब त्यात नाहीत. फोटो तेच काढत होते.