पोस्टाबाहेर लिहून घेतलेली ख्रिस्तजयंतीची गोष्ट

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी न्हाणीत घसरले आणि माझा उजवा हात मनगटाशी मोडला. दवाखान्यात बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर घालून दिलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. मी मुळातच तापट. घरी येऊन प्रार्थनेला बसले आणि प्रार्थना राहिली बाजूला, भांडायलाच लागले. म्हटलं, प्रभू, सारी हिंगोली धडधाकट फिरते आहे आणि तुझं काम करणारा हात तेवढा तुला मोडायला सापडला होय? आता तूच लिही तुझं पान.

हे पान म्हणजे मुलांच्या एका ख्रिस्ती मासिकातलं माझं पान. शाळेत मी चौथीला शिकवायची आणि अकरा वर्षं दर महिन्याला या मासिकासाठी एक गोष्ट लिहून पाठवायची. आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका, ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. मी एकटी राहणारी बाई. त्या पानानं मला घर भरल्यासारखं वाटायचं. पण हात मोडायच्या आठच दिवस आधी संपादकांचं पत्र आलं होतं. तुमच्या पानाला अलीकडे मुलांची पत्रं येत नाहीत, गोष्टींत उपदेश फार होतो, नाताळ अंकाला काही ताजं द्या, नाहीतर नव्या वर्षापासून ते पान कोड्यांना द्यावं असा विचार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. फार मऊ भाषेत लिहिलं होतं म्हणून ते जास्तच झोंबलं.

आणि वर हा हात. मला खरोखर शंका यायला लागली की माझं लिहिणं प्रभूलाच नको आहे. संपादकांकडून सांगून पाहिलं, ऐकत नाही म्हणून हातच काढून घेतला. दोन रात्री नीट झोप लागली नाही. गोष्ट पाठवायला चारच दिवस उरले होते. शाळेतले सगळे आपापल्या गावी गेलेले, शेजारी कुणाला लिहिता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुणाकडे काही मागायचं माझ्या जिवावर यायचं. मागण्यापेक्षा पान सोडलेलं बरं, असं ठरवून मी नकाराचं कार्ड टाकायला पोस्टात गेले. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की नकार लिहायलासुद्धा हात लागतोच.

पोस्टाबाहेर निंबाखाली एक मुन्शीजी बसायचे. पांढरी दाढी, पुढ्यात टिनाची पेटी. निजामाच्या काळात उर्दूत अर्ज लिहायचे, पुढं मराठीत लिहायला लागले. कचेरीला सुट्टी असली की लोकांची पत्रं लिहून देत. त्यांच्यासमोर जवळा बाजार गावची एक मावशी पत्र लिहून घ्यायला बसली होती. तिची लेक पहिलटकरीण, आणि कापसाची वेचणी चालू आहे म्हणून जावई तिला बाळंतपणाला माहेरी धाडत नव्हता. जावयाला काय लिहायचं ते मावशीला सुचत नव्हतं, म्हणून तिनं मला पुढं केलं. मी सांगितलं, गोष्ट पाठवता येत नाही, माझं पान बंद करा, एवढंच लिहा. मुन्शीजींनी कारण विचारलं. मी प्लॅस्टर दाखवलं.

ते शांतपणे म्हणाले, "हात मोडला बाई, तोंड तर बराबर हाय ना? तुमी सांगा, मी लिवतो."

इतकी साधी गोष्ट, आणि ती मला दुसऱ्यानं सांगावी लागली. मी खाली सतरंजीवर बसले आणि नेहमीच्या थाटात सुरुवात केली. प्रिय बालमित्रांनो, ख्रिस्तजयंती हा पवित्र आनंदाचा सण आहे, वगैरे. मुन्शीजींनी दोन ओळी लिहिल्या आणि टाक थांबवला. अर्जात आधी कोण, कुठला आणि तकलीफ काय, ते यावं लागतं म्हणाले. मग मी सांगितलं, मरीया आणि योसेफ, राहणार नासरेथ, शिरगणतीच्या नावनिशीसाठी मूळ गावी हजर राहायचा सरकारी हुकूम, आणि मरीयेचे दिवस भरत आलेले. नाव ऐकून ते म्हणाले, ही तर आमची मरियम बीबी, आणि पुढचं अक्षर जपून काढलं. मग भुवया आकसून त्यांनी विचारलं की दिवस भरलेली बाई घेऊन निघण्यापेक्षा नवऱ्यानं मुदतीचा अर्ज काहून केला नाही. मला हसू आलं. अकरा नाताळ मी ही गोष्ट लिहिली, पण योसेफाच्या जागी उभं राहून एकदाही पाहिलं नव्हतं.

मावशीला मात्र हसू आलं नाही. ती पुढं सरकली होती. तिनं विचारलं, "पैल्या येळेला ती माहेरी न्हाई ऱ्हायली? आन् तिची माय काय करीत व्हती?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या शास्त्रात, बायबलात, मरीयेच्या आईचं नाव नाही. मी तसं कबूल केलं. वर्गात मी असं कधी कबूल करत नसे. मग मी पुढं सांगितलं की उतारशाळेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत, जागा मिळाली नाही, बाळ झालं आणि आईनं त्याला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मावशीनं लगेच मला अडवलं. परक्या गावात, गुराढोरांत बाळोती कुठून आली? आणि तिनंच उत्तर दिलं, "मायनं दिली असतील. जुनं लुगडं फाडून, धुऊन, निघताना गाठोड्यात बांधली असतील. दुसरं कोन देतं?" हे बोलता बोलता ती पदरात तोंड घालून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. इतकी वर्षं ते वाक्य मी वाचत होते, पण त्या कापडाला कधी हात लावून पाहिला नव्हता.

त्यानंतर गोष्ट आपोआप येत गेली. नासरेथच्या दारात उभी असलेली आई, तिचं मऊ झालेलं लुगडं, गाठोडं, लांबची वाट. मी सांगत होते, मावशी दुरुस्त करत होती, मुन्शीजी लिहीत होते. शेवटी मी तात्पर्य सांगायला तोंड उघडलं तर मुन्शीजींनी मान हलवली. अर्जाच्या शेवटी उपदेश नसतो, मागणी असते. त्या बाळाची मागणी काय? मी म्हणाले, जागा. त्यांनी लिहिलं, "तरी मेहेरबानी होऊन बाळास आपल्या घरी जागा मिळावी, ही विनंती." मग सवयीनं त्यांनी शाईची गादी पुढं केली. पालकांनी अंगठा उठवला की त्यांना सही शिकून घ्या म्हणून सुनावणारी मी, त्या दिवशी डावा अंगठा शाईत बुडवला आणि गोष्टीखाली उमटवला. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण फार हलकं वाटलं.

मग मावशीचं पत्र झालं. जावयाला चार शब्द सुनवायचे म्हणून ती आली होती. तिनं एवढंच लिहायला सांगितलं की वेचणीमुळं लेकीला धाडता येत नसेल तर राहू दे, मीच बाळोती घेऊन येते, मला तिथं राहायला जागा द्या. मुन्शीजींनी दोन्ही पाकिटं चिकटवली आणि मावशीनं ती स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकली.

यात चमत्कार कुठला, असं कुणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. हात सहा आठवड्यांनीच बरा झाला. पण प्रभूला मी काहीतरी देते आहे, या तोऱ्यात मी इतकी वर्षं होते, आणि मागायला बसवल्याशिवाय त्याला माझ्याकडून काही घेता येत नव्हतं, हे मला तिथं निंबाखाली कळलं. त्यासाठी त्यानं एक मुन्शी आणि एक मावशी तयार ठेवली होती, असं मी मानते. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

संपादकांनी गोष्ट जशीच्या तशी छापली. जानेवारीत त्यांनी मुलांची पत्रं पाठवली, एक जाड पाकीट भरून. त्यातलं एक जालन्याकडच्या दुसरीतल्या मुलीचं होतं. मोठ्या वाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं होतं, "आमच्या गोठ्यात जागा आहे. म्हैस मारकी नाही. बाळाला आणि त्याच्या आईला पाठवून द्या. आजीपण आली तरी चालेल." ते पत्र मांडीवर घेऊन मी बराच वेळ रडले, हसले, आणि मग न भांडता प्रार्थनेला बसले. म्हटलं, प्रभू, तुझी सोय झाली बघ.